पाटावरचं भरलेलं रिव्हॉल्व्हर

या अंकाच्या संपादकांनी फोन करून विचारलं, "तुमच्या कामावर काही हलकंफुलकं लिहाल का?" मी म्हटलं, माझं काम म्हणजे लोकांच्या घरी जाऊन 'आजोबांची बंदूक निकामी करून घ्या' म्हणून त्यांचं डोकं खाणं. त्यात हलका फक्त पत्रकाचा कागद. ते हसले. मी गंमत करत नव्हते. आमच्या पत्रकाचा कागद इतका पातळ असतो की नाशिकरोडच्या भजीवाल्यानेसुद्धा गठ्ठा परत केला. "ताई, तेल झिरपतं," म्हणाला.

संस्था छोटी आहे. एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, एक पंखा आणि आमचे सर. संस्था का निघाली ते एका वाक्यात सांगते. वरात बघायला गच्चीत उभ्या असलेल्या एका बाईच्या खांद्यात गोळी शिरली, आणि ती बाई सरांची बहीण होती. नवरदेवाच्या काकांनी आनंदाच्या भरात हवेत बार काढला होता. हवेत सोडलेली गोळी हवेत राहत नाही, हे वाक्य माझं आहे. आमच्या प्रत्येक पत्रकाच्या डोक्यावर ते ठळक छापलेलं असतं. ते वाचून मत बदललेला माणूस मला अजून भेटायचा आहे. लोक ते मोठ्याने वाचतात, "बरोबर आहे" म्हणतात, पत्रकाची घडी करून खिशात ठेवतात आणि चहा पाजतात. चहा घेऊ नये असं सर सांगतात. पण चहा नाकारला की त्या घराचं दार पुन्हा उघडत नाही, हे मला सरांपेक्षा चांगलं कळतं.

या कामातली पहिली अक्कल अशी की, परवाना पुरुषाच्या नावावर असतो, पण हत्यार कुठे आहे ते बाईला माहीत असतं. ती तिथेच झाडते, तिथेच गाद्या रचते. पुरुष म्हणतो, "कुलपात आहे." बाई आत बोलावून सांगते, "कुलूप मोडलंय, कपड्यांखाली ठेवलंय." म्हणून मी पुढच्या दाराने पत्रक देते आणि मागच्या दाराने बोलते.

जुन्या हत्यारांचे मालक दोन प्रकारचे. काही उडवणारे, काही जपणारे. दोघांचा एकमेकांवर दात असतो. इगतपुरीला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. ते मला म्हणाले, "न उडवलेलं रिव्हॉल्व्हर म्हणजे न वाजवलेला तबला. वाद्या सैल पडतात, शाई उडते. मग त्याला तबला कशाला म्हणायचं, तिपाई म्हणा." उलट गंगापूर रोडला एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे एक फार जुनं रिव्हॉल्व्हर मखमलीच्या पेटीत निजलेलं असतं. ते दाखवताना डॉक्टरांनी पांढरे हातमोजे घातले आणि मला म्हणाले, "जरा मागे सरका, श्वासाची वाफ बसते." मी म्हटलं, डॉक्टर, नळीत भोक पाडून निकामी करून घ्या, मग वाफच काय, पाऊस पडला तरी चालेल. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या आईचा दात भूल न देता काढायला सांगितला. "भोक पाडलं की ती वस्तू मेली," म्हणाले. मी म्हटलं, ती वस्तू बनवलीच माणसं मारायला, ती मेली तर बिघडलं कुठे. तेव्हापासून डॉक्टर माझा फोन उचलत नाहीत.

आता ज्यांनी अशी वस्तू फक्त सिनेमात पाहिली त्यांच्यासाठी. आजोबा-पणजोबांच्या काळातली ही बरीच रिव्हॉल्व्हरं सिंगल ॲक्शन असतात. म्हणजे नुसता चाप ओढून काही होत नाही. प्रत्येक बाराआधी मागचा घोडा अंगठ्याने मागे ओढून चढवायचा, मग चाप ओढायचा की घोडा पुढे येऊन काडतुसाच्या बुडावर आपटतो आणि बार होतो. लोकांना वाटतं, इतकी खटपट आहे म्हणजे वस्तू सुरक्षित असणार. इथेच सगळे फसतात. ही जुनी बनावट अशी की, घोडा खाली असताना त्याचं टोक समोरच्या काडतुसाला टेकूनच असतं. हत्यार पडलं, घोड्यावर ठोका बसला, तर चापाला कोणी हात न लावताही गोळी सुटू शकते. म्हणून जाणते लोक चक्रीच्या सहा खणांपैकी पाचच भरतात आणि घोड्याखालचा खण रिकामा ठेवतात. नवी हत्यारं अशी नसतात, पण नवी हत्यारं कोणी दसऱ्याला पाटावर मांडत नाही.

हे सगळं मला कामावर लागल्यावर कळलं. आणि घोटीच्या दौलतनानांना ते कळूनही उपयोग नव्हता. का, ते सांगते.

नानांची घोटीत भातगिरणी. पंचाहत्तरीचा माणूस, पांढरीशुभ्र टोपी, आवाज गिरणीच्या वर चढवायची सवय लागलेला, म्हणून घरातही ओरडूनच बोलणार. त्यांच्या आजोबांना कोणा गोऱ्या साहेबाने दिलेलं लांब नळीचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर घरात आहे. परवाना नानांच्या नावे, रीतसर. दर दसऱ्याला ते कपाटातून निघतं, पाटावर बसतं, हळदकुंकू लागतं, आणि संध्याकाळी सोनं लुटायला निघायच्या आधी नाना गिरणीच्या खळ्यात उभे राहून सहाच्या सहा बार काढतात. आळी जमते. दर वर्षी काढतात म्हणून त्यात काही गैर आहे असं कोणाला वाटत नाही. गुन्हा आहे, हे मी सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, "पोरी, फटाके वाजवत्यात ते चालतं व्हय? माझं तर सहाच हायेत."

"नाना, फटाका खांद्यात शिरत नाही."

"मी वर मारतो. आभाळात."

मी पत्रकाच्या डोक्यावरचं वाक्य वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "बरोबर हाय." चहा आला.

नानांचा मुलगा विलास अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, रोज घोटीहून जाऊन-येऊन करतो. तो पक्का जपणारा. मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून बघून त्याला रिव्हॉल्व्हरचा इतिहास पाठ झालेला. वडिलांशी त्याचं वर्षभर नीट असतं, दसरा आला की बिघडतं. "नाना, त्याची मूळची झिलई जाते तुमच्या हळदीने. अशी वस्तू आता मिळत नाही. उडवायची नसते ती, ठेवायची असते."

"ठेवायची तर चांदीचं ताट घे न ठेव. हे मर्दाचं हत्यार हाय."

"काडतुसं नव्या दारूची, पोलाद त्या काळातलं. एखाद्या दिवशी चक्री फुटेल हातात."

"माझ्या बापाच्या हातात फुटली न्हाई."

विलासचं चक्रीबद्दलचं म्हणणं खरं होतं. पण मी त्याला म्हटलं, मग निकामी करून घ्या, तर तोही वडिलांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "ताई, भोक पाडल्यावर त्यात राहिलं काय?" म्हणजे एकाला ते वाजवायचं आहे, दुसऱ्याला ते बघायचं आहे, आणि त्या घरात ते उचलतं कोण, हे दोघांपैकी कोणी बोलत नव्हतं.

उचलायची मंगलवहिनी. विलासची बायको. घरची रीत अशी की, शस्त्र कपाटातून पाटापर्यंत घरच्या लक्ष्मीने आणायचं. नाना सकाळी आंघोळ करून कपाटापाशी उभे राहून ते भरतात, ताम्हणात ठेवतात, आणि वहिनी डोक्यावर पदर घेऊन ते ताम्हण आतल्या खोलीतून उंबरा ओलांडून माजघरात आणते. आणि भरताना सहाच्या सहा खण भरायचे. मी विचारलं, घोड्याखालचा एक रिकामा का नाही ठेवत? तेव्हा नाना माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "पूजेत रिकामं काय ठेवत्यात का? कलश रिकामा ठेवशील? ओटी रिकामी भरशील?" जाणत्यांचा नियम त्यांना माहीत होता. त्यांच्या वडिलांनी सांगितला होता. तरुणपणी बाहेर नेताना तो पाळायचेही. फक्त दसऱ्याला नाही. म्हणजे वर्षातल्या ज्या एका दिवशी ते ताम्हणात घालून घरभर फिरतं, नेमकं त्याच दिवशी सहावा खण भरलेला.

मागच्या दाराशी वहिनी मला म्हणाली, "ताई, मला सांगू नका. मला माहिती हाय. मी श्वास रोखूनच आणते. तुम्ही फक्त ते उडवणं बंद करा. नंतरचं मी बघते."

मी उडवणं बंद करायला लागले. माझं कामच ते. चार-पाच फेऱ्या झाल्या. कायद्याने नाना हलले नाहीत, खांद्यातल्या गोळीने हलले नाहीत. हलले ते मानाने. सरांनी डोकं लढवलं की, गावासमोर नानांचा सत्कार करू, 'बार न काढणारं पहिलं घर' म्हणून. शाल, श्रीफळ, फोटो. नानांनी दोन दिवस विचार केला आणि फोनवर ओरडले, "ठरलं. या वर्षी बार न्हाई. पण शाल जरा बरी आणा."

मागच्या दसऱ्याला दुपारी मी आणि सर घोटीला पोहोचलो. खळ्यात माणसं जमलेली, नाना नव्या धोतरात. सरांनी भाषण केलं, जरा लांबलं. नानांनी शाल घेतली आणि गिरणीच्या आवाजात जाहीर केलं, "आजपासून या घरात बार न्हाई." टाळ्या पडल्या. एक म्हातारा म्हणाला, "मग आता आम्ही कानात बोटं कशाला घातली?" सगळे हसले. सरांनी फोटो काढून लगेच सगळ्यांना पाठवले. खरं सांगते, सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी मी वाजवत राहिले. माझ्या पत्रकाने पहिल्यांदा काहीतरी केलं होतं. सर दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. मी दर्शनाला आत गेले.

माजघरात पाटावर रिव्हॉल्व्हर होतं. झेंडूची माळ, हळदकुंकू, शेजारी गिरणीचा पाना, विळा आणि विलासचं जाडी मोजायचं स्क्रूगेज. रिव्हॉल्व्हरची नळी समोरच्या भिंतीकडे. भिंतीपलीकडे पुऱ्या तळल्याचा आवाज. चक्रीच्या कडेने काडतुसांची पितळी बुडं दिसत होती.

मी बाहेर येऊन नानांना विचारलं, "नाना, काडतुसं काढलीत का?"

"कधी?"

"आता. बार नाही ना काढायचा."

"पूजा मांडल्याव हात लावत्यात का? उद्या सकाळी उठवायची. तवर जसं हाय तसं."

तेव्हा मला कळलं की आपण काय केलंय. इतकी वर्षं संध्याकाळचा तो बार हीच त्या घरात हत्यार रिकामं करायची पद्धत होती. पूजा, मग खळं, मग सहा बार, मग रिकामं हत्यार परत पाटावर. त्यानंतर माणसं सोनं घेऊन यायची, पाया पडायची, आपट्याची पानं त्याच्यावर ठेवायची, हात लावून डोक्याला लावायची. या वर्षी बार नाही. म्हणजे संध्याकाळी अख्खी आळी त्या भरलेल्या रिव्हॉल्व्हरला हात लावणार होती, घोडा सहाव्या काडतुसावर टेकलेला असताना. आमच्या सत्काराचा हा निकाल. पुढे माझ्या वडिलांना सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. वडिलांची नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात झाली. ते म्हणाले, "तू दिवा विझवलास आणि सप्लाय चालू ठेवलास." पुन्हा जेवायला लागले.

मी विलासला हाक मारली. विलास आला, त्याने वाकून पाहिलं. "नाना, भरलेलं आहे हे."

"मग? पूजेचं हाय."

"काढा ना काडतुसं."

"तू काढ. तुला लय माहिती हाय."

आणि विलासने हात पुढे केला नाही. त्याला त्या रिव्हॉल्व्हरचा इतिहास पाठ होता, त्याने आयुष्यात ते एकदाही रिकामं केलेलं नव्हतं. रिकामं करायचं म्हणजे घोडा अर्धा मागे ओढून धरायचा, बाजूचं बारीक दार उघडायचं, चक्री एकेक खण फिरवायची आणि नळीखालची कांडी मागे रेटून एकेक काडतूस बाहेर काढायचं. मी हे धडाधड सांगू शकत होते. पत्रकात लिहिलेलंही आहे. पण हात लावायचा प्रसंग माझ्यावरही कधी आला नव्हता.

"नाना, तुम्हाला येतं ना?" मी विचारलं.

"भरायला येतं. काढायला कशाला लागतं? उडवलं की झालं." मग आवाज जरा खाली आला. तो आवाज खाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. "अन् ती कांडी जाम हाय. उडाल्यावरची टरफलं मी अन्वरभाईकडून काढून आणतो दिवाळीच्या आत. माझा अंगठाबी धरत न्हाई आता. घोडा सुटला मधी, तर?"

कांडी कशाने जाम झाली हे सांगायची गरज नाही. इतक्या दसऱ्यांचं कुंकू आणि तेल.

अन्वरभाई म्हणजे नाशिकचे परवाना असलेले बंदूक दुरुस्तीवाले. त्यांना फोन लावला. ते मालेगावला बहिणीकडे. "सकाळी येतो. हात मत लगाना कोणी. नळी कुठे आहे?" म्हटलं, भिंतीकडे. "भिंतीमागे?" म्हटलं, स्वयंपाकघर. मग म्हणाले, "बाईला म्हणावं, आज बाहेर बसून पुऱ्या कर."

मी म्हटलं, पोलिसांना कळवू. त्याबरोबर बाप-लेक त्या दिवसात पहिल्यांदा एकमताने बोलले, "नाय नाय, नको." नाना म्हणाले, घराण्याची अब्रू. विलास म्हणाला, वस्तू जमा करतील, मालखान्यात गंजेल. मी म्हटलं, दार बंद करून ठेवा, कोणाला आत सोडू नका. नाना म्हणाले, दसऱ्याला दार बंद ठेवायचं म्हणजे घरात सुतक आहे असं लोक म्हणतील. विलास म्हणाला, पाट उचलून आत नेऊ. मी म्हटलं, कोण उचलणार? मग नाना म्हणाले, "एकच उपाय हाय. खळ्यात नेऊन उडवतो." विलास म्हणाला, "मुळीच नाही, चक्री फुटेल." शाल त्यांच्या खांद्यावर तशीच होती. पण क्षणभर, फक्त क्षणभर, माझ्या मनात आलं की म्हणावं, नाना, उडवा. पत्रकं छापणाऱ्या बाईच्या मनात हे आलं, यावरून तुम्हीच ओळखा.

असं आमचं तिघांचं चाललं असताना स्वयंपाकघरातला आवाज थांबलेला होता. मंगलवहिनी दाराशी येऊन कधीची ऐकत होती. हात पिठाचे.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. "अहो, गिरणीतून पोती आणा. इंद्रायणीची. भरलेली."

विलास म्हणाला, "कशाला?"

"आणा म्हटलं ना."

विलास आणि गिरणीवरचा एक गडी पोती आणत राहिले. वहिनीने ती नळीच्या बाजूने न जाता कडेकडेने सरकवत भिंतीला लावून घेतली, एकावर एक, नळीसमोर छातीइतका बांध होईपर्यंत. मग एका पोत्याचं तोंड सोडलं, ताट भरून तांदूळ घेतले, त्यावर चिमूटभर कुंकू टाकलं आणि पाटाशेजारी बसून रिव्हॉल्व्हरवर हळूच सोडले. मुठीने नव्हे, ताटाने. एक ताट, मग दुसरं.

"अगं, काय करती?" नाना ओरडले.

"अक्षता वाहते."

"अक्षता चिमूटभर वाहत्यात."

"तुमची श्रद्धा चिमूटभर असंल. माझी जास्त हाय."

पूजा मोडली नव्हती. शस्त्राला कोणी हात लावला नव्हता. विलास मध्येच म्हणाला, "मंगल, जपून, मुठीवरच्या नक्षीत दाणे अडकतील." तिने वर मान करून त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो पुढचं ताट भरून द्यायला लागला. मीही बसले. आधी घोडा झाकला, मग चक्री, मग माळ, मग नळी. पोतं संपलं तेव्हा पाटाच्या जागी तांदळाचा ढीग होता आणि विळ्याचं टोक तेवढं वर दिसत होतं.

संध्याकाळी आळी आली. माणसं ढिगापुढे वाकली, सोनं ढिगावर ठेवून गेली. कोणी आत हात घातला नाही. तांदळात हात घालून शोधायला कोण जातं? एक आजी म्हणाली, "औंदा लय छान मांडलंय गं मंगल. पीक चांगलं म्हणून का?" वहिनी म्हणाली, "हो आजी." मी ओट्यावर बसून होते. घरी फोन करून सांगितलं, आज येत नाही.

सकाळी अन्वरभाई आले. नानांनी पाण्याचे चार थेंब उडवून पूजा उठवली. अन्वरभाईंनी सगळ्यांना खळ्यात हाकललं, विळा काढला, ढिगाच्या मागून हात घालून मूठ धरली. बराच वेळ ते एकटेच आत होते. मग हाक मारली. काडतुसं पाटावर उभी करून ठेवलेली होती, शेजारी उघड्या दाराचं रिकामं रिव्हॉल्व्हर. अन्वरभाई हात पुसत म्हणाले, "कुंकू खातं का तुमचं रिव्हॉल्व्हर? चाकू घालून खरडावं लागलं."

काडतुसं वहिनीने गोळा करायला घेतली. पाच उचलली, सहावं उलटं करून ती बघत राहिली.

"याच्या बुडाला हे काय हाय?"

बाकीच्यांची बुडं सपाट होती. सहाव्याच्या मधोमध एक खोलगट टिंब होतं. अन्वरभाईंनी ते हातात घेतलं, वळवून पाहिलं आणि विचारलं, "घोड्यावर काही आपटलं होतं का?"

वहिनी खाली बसली. "उंबऱ्यावर," ती म्हणाली. "ताम्हण कललं. त्याचं मागचं टोक चौकटीला लागलं. टक् वाजलं. मी म्हटलं, ताम्हण वाजलं."

अन्वरभाई एवढंच म्हणाले, "बुडातली दारूची टोपी पेटली नाही. अल्लाची मेहर."

मला वाटलं, आता झालं. आता मला काही सांगायची गरज नाही, हे टिंबच माझं पत्रक. मी वाट बघत राहिले.

विलासने ते काडतूस हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, "हे टाकू नका. असं खूण असलेलं वेगळंच ठेवू. पेटीत, रिव्हॉल्व्हरच्या शेजारी."

नाना म्हणाले, "ठेवतो कशाला? परत घालून बघ उडतं का. येवढं महागाचं काडतूस."

देवाशप्पथ, हे दोघे असंच म्हणाले. या कामात माझा आवाज बसतो तो भाषणांनी नाही. अन्वरभाईंनी ते काडतूस विलासच्या हातातून काढून आपल्या खिशात टाकलं आणि चहाही न घेता निघाले.

वहिनी उठली. तिने सूप घेतलं आणि ढिगातले तांदूळ पोत्यात भरायला लागली. ती नवऱ्याशीही बोलली नाही, सासऱ्याशीही नाही. माझ्याशी बोलली, पण दोघांना ऐकू जाईल असं. "ताई, तुमच्या कागदावर लिवा. ज्याला पुजायचं त्याने स्वतः उचलायचं. बाकी काय लिवू नका."

मी ते लिहिलं नाही. सर म्हणाले, फार घरगुती वाटतं. पण पत्रकाचं पहिलं वाक्य मी भांडून बदलून घेतलं. हवेतली गोळी दुसऱ्या ओळीत गेली. वर आता आहे, 'आधी रिकामं करा, मग पूजा.' भजीवाला म्हणतो, या वेळचा कागद बरा आहे.

घोटीचं रिव्हॉल्व्हर निकामी झालेलं नाही. हे मला खटकतं, आणि हा लेख वाचून कोणी मला शाबासकी देऊ नये. नाना म्हणतात, मी गेल्यावर काय ते करा. विलास म्हणतो, ते गेल्यावर मी जपेन. म्हणजे मी अजून चकरा मारणार. बार मात्र या वर्षीही निघाला नाही, आणि अन्वरभाईंनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी येऊन बाजूचं दार उघडून, सगळे रिकामे खण घरच्यांना एकेक करून दाखवले.

या दसऱ्याला सकाळी मी माजघरात उभी होते. वहिनीने पाट मांडला, रांगोळी घातली आणि बाजूला झाली. "नाना, आणा," म्हणाली. नाना आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळाने ताम्हण घेऊन दारात आले. उंबऱ्यापाशी थांबले, चौकटीकडे पाहिलं, एक पाय टाकला, मग दुसरा. टोपीखालून घाम कानावर आला होता. ताम्हण पाटावर टेकवून ते तिथेच बसले आणि दम खाऊन म्हणाले, "मंगल, लय जड हाय गं हे."

वहिनी कुंकवाची कोयरी उघडत होती. "रिकामं हाय, नाना," ती म्हणाली. "तरी?"